पेन्सिलने काढलेलं मशीन

चूक झाली कापताना, आणि कापणाऱ्याला सोडून सगळ्यांनी पेन्सिलला धरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही जगाची जुनीच रीत आहे. फरक एवढाच, की ही संन्यासीण गुमान फासावर चढणारी नव्हती.

पेन्सिल व्हिडिओ गेमच्या एका साप्ताहिकात चित्रं काढायची. अंबाड्यात सदानकदा एक पेन्सिल खोचलेली आणि अंगकाठीही तशीच. पहिल्याच आठवड्यात ऑफिसातल्या कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की अंकातही ‘चित्र : पेन्सिल’ असंच छापून येऊ लागलं. तिने हरकत घेतली नाही. अंक छापायला जायच्या गडबडीत असल्या गोष्टींना तिथे कुणाला सवड नसायची, आणि ती गडबड कधी संपायचीच नाही.

साप्ताहिक म्हणजे एक लांबट खोली होती. चार टेबलं, कोपऱ्यात जुन्या मशीनची रास, आणि वायरींचा असा गुंता की एक ओढावी तर तीन टेबलं हलावीत. काचेच्या पार्टिशनमागे संपादक बसायचे. पण अंक खपायचा तो अफवामंत्र्याच्या जिवावर. बाजारात पुढे काय येणार, कुठली कंपनी गुपचूप काय शिजवतेय, यावर तो दर आठवड्याला दोन पानं लिहायचा. ‘खात्रीलायक सूत्रांकडून समजते’ हे त्याचं आवडतं वाक्य. त्याचं खात्रीलायक सूत्र म्हणजे कधी एखादा दुकानदार, कधी दुकानदाराचा मेव्हणा आणि बऱ्याचदा तो स्वतःच.

त्या दिवसांत अफवांच्या बाजारात एकच माल होता. एक मोठी कंपनी नवं मशीन आणतेय, आणि ते घरातलंही असेल आणि हातातलंही. तोवर दोन्ही संसार वेगळे होते. टीव्हीला जोडायचं मशीन टीव्हीपाशीच राहायचं, आणि पिशवीत घालून न्यायचं मशीन छोटेखानी, त्याचे खेळही छोटेखानी. आता म्हणे एकच मशीन दोन्ही कामं करणार. कुणी म्हणे एका खोक्यात दोन मशीन देतील. कुणी म्हणे टीव्ही लांबूनच हातातल्या पडद्यावर चित्र पाठवील. जाणते लोक मान हलवून सांगायचे की असलं काही येत नसतं, एक ना धड भाराभर चिंध्या होतील. कंपनी मूग गिळून बसली होती, म्हणून लोकांना आणखी जोर चढला होता.

अफवेला चित्र लागतं. नुसत्या शब्दांवर कोण किती दिवस जगणार? संपादकांनी पेन्सिलला सांगितलं, “कसं दिसेल ते काढ. मुखपृष्ठावर घेऊ.”

तिने ते एका बैठकीत काढलं. तिला विचार करावाच लागला नाही, कारण विचार करून झालेला होता, लहानपणीच. एक जाडसर पडदा. त्याच्या पाठीला कढईला असतात तसे दोन कान, पण दुमडणारे. मशीन टीव्हीपाशी आपल्या खाचेत उभं केलं की कान पाठीमागे मिटणार आणि खेळ टीव्हीवर दिसणार. उचललं की कान बाहेर येऊन हातात बसणार, आणि खेळ जिथे होता तिथूनच पुढे चालू राहणार. थांबणार नाही, हे मुख्य. तिने शेजारी एक सोफा काढला, सोफ्यावरून उठून चाललेली एक मुलगी काढली आणि तिच्या हातात ते मशीन दिलं.

त्या ऑफिसात अशा चित्रांची एक पद्धत होती. चित्राच्या तळाशी बोटभर कोरी पट्टी सोडायची. त्या पट्टीत पानं लावणारा शेवटच्या घटकेला ‘कल्पनाचित्र’ असा शब्द बसवायचा. आतल्या पानांवर हे ठीक चालायचं. मुखपृष्ठाचं चित्र मात्र चारही बाजूंनी कापून कागदाच्या कडेपर्यंत न्यावं लागतं. पानं लावणारा त्या दिवशी दाढ दुखते म्हणून घरी, म्हणून संपादकांनी स्वतःच चित्र बसवलं आणि कोरी पट्टी दिसली तशी कापून टाकली. कोरा भाग कशाला ठेवायचा? अंक छापून आला. त्यावर मशीन होतं, मुलगी होती, आणि ते खोटं आहे हे सांगणारा शब्द तेवढा नव्हता.

पेन्सिलने अंक हातात घेतला आणि सरळ काचेमागे गेली. “सर, पट्टी गेली.”

“गेली खरी,” संपादक म्हणाले. “पुढच्या अंकात टाकू काहीतरी.”

पुढच्या अंकापर्यंत वेळच आली नाही. चित्र सगळीकडे गेलं. कुणीतरी ते मोठं करून त्यावर लाल गोल काढले, कानांपाशी बाण दाखवले आणि लिहिलं की कारखान्यातून फोटो फुटला. अंक दुसऱ्यांदा छापावा लागला. संपादक रोज नवा शर्ट घालून येऊ लागले. पेन्सिलने दोनदा आठवण केली, “सर, खुलासा.” दोन्ही वेळा त्यांना अचानक फोन आला. अफवामंत्री तर उडतच होता. “आपण म्हणालो का ते खरं आहे म्हणून? मग झालं तर.” अळीमिळी गुपचिळी, असा एकूण कारभार होता.

मग कंपनीचा फोन आला. संपादकांनी पेन्सिलला आणि अफवामंत्र्याला आत बोलावलं आणि दार लावलं. चेहरा चहात माशी पडल्यासारखा.

“कंपनीला वाटतंय आपल्याला आतून कुणीतरी फोटो दिला,” ते म्हणाले. “उद्या त्यांच्या वकीलबाई येतायत. त्यांना भांडण नकोय. फक्त लिहून हवंय की चित्र आपल्याकडे आलेल्या फोटोवरून काढलं. तेवढी सही केलीस की ते आपल्याला काही करणार नाहीत. उलट नवीन मशीन सगळ्यांच्या आधी आपल्याकडे पाठवतील.”

“पण फोटो आलेलाच नाही.”

“ते मला माहीत आहे.”

“मग त्यांना सांगा.”

“सांगितलं. पटत नाही त्यांना.” संपादकांनी टेबलावरचं पेपरवेट फिरवलं. “त्यांनी माणूस शोधलाय. त्यांच्यासाठी प्लास्टिकचे साचे करणारा एक कारखाना आहे, तिथला एक साचेवाला. आपल्या वाचकांच्या कोड्यात त्याला बक्षीस मिळालं होतं. आपली टोपी. ती घालून कामावर जायचा. त्यांनी त्याला घरी बसवलंय.”

“टोपीवरून?”

“टोपीवरून आणि तुझ्या चित्रावरून. तू सही केलीस की त्यांची फाईल पुरी होते. तुला त्याचं नाव घ्यायचं नाहीये. ‘फोटो आला’ एवढंच म्हणायचंय.”

पेन्सिलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती म्हणाली, “म्हणजे गळ्यात दोरी मी घालायची, ओढणार ते. मी सही करणार नाही.”

“उद्या दुपारपर्यंत विचार कर,” संपादक म्हणाले. “हे ऑफिस आहे, आंदोलन नाही.”

संध्याकाळी ती जिना उतरत होती तर खालच्या पायरीवर एक बाई बसली होती, मांडीवर कापडी पिशवी. पेन्सिलच्या अंबाड्याकडे बघून ती उठली. “तुम्हीच ना त्या चित्रवाल्या? मी साचेवाल्यांची बायको.”

दोघी जिन्यातच उभ्या राहिल्या. बाईने पिशवीतून निळी टोपी काढली. पुढे साप्ताहिकाचं चिन्ह, घामाने कडा पांढरट झालेली.

“ही ती टोपी, ताई. कोडं सोडवलं, टोपी मिळाली, डोक्यावर घातली. एवढाच आमच्या ह्यांचा गुन्हा. कारखान्यात ह्यांच्यासमोर लोखंडाचा ठोकळा असतो. तो कुठल्या वस्तूचा साचा आहे, हेसुद्धा कुणी सांगत नाही. आता घरी बसून भिंतीकडे बघतात. मी म्हटलं, अहो, कर नाही त्याला डर कशाला? तर म्हणतात, कर नसलेल्यालाच डर असते, करणारा तर मजेत असतो.”

“त्यांचं काही चुकलेलं नाही,” पेन्सिल म्हणाली. “चित्र मी मनाने काढलंय.”

“मग तसं सांगा की त्यांना.”

“सांगितलं. खरं वाटत नाही त्यांना.”

“का बरं?”

उत्तर पेन्सिलला ठाऊक होतं, पण तोंडातून काढणं जिवावर आलं. असलं काही हिच्या डोक्यातून निघेल, हे कुणाला खरंच वाटत नव्हतं. चोरी लगेच पटली. डोकं पटत नव्हतं. तिला या गोष्टीचं रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण तिला आला तो राग, आणि तो आता जिना चढून परत वर जाण्याइतका होता.

“फोटो आला होता, असं ते माझ्याकडून लिहून मागतायत. मी सही करणार नाही,” ती म्हणाली. “एवढं तुमच्या ह्यांना सांगा.”

बाईने टोपी परत पिशवीत ठेवली. “सगळे असंच म्हणतात, ताई. मग घरी जातात, घरचे समजावतात, आणि सकाळी माणूस वेगळा असतो.” ती रागाने नाही, अनुभवाने बोलत होती.

घरचे समजावायला बसलेलेच होते. पेन्सिल दादा-वहिनींबरोबर राहायची. संपादकांनी आधीच दादाला फोन केला होता. दादा हॉलमध्ये टीव्हीसमोर बसला होता, पाय टीपॉयवर, रिमोट पोटावर. त्या जागेवर तो जन्मला नव्हता एवढंच.

“ऐकलंय मी सगळं,” तो म्हणाला. “सही करून टाक. ओळख ना पाळख, त्या माणसासाठी तू का जीव काढतेस?”

“तो निर्दोष आहे म्हणून.”

“असेल. पण तूही तर राहिली पाहिजेस ना तिथे. दुसरीकडे कोण तुला गेमची चित्रं काढायला ठेवणार? या वयात?” मग त्याने टीव्हीचा आवाज कमी केला आणि जरा पुढे झुकून विचारलं, “बरं, मला तरी खरं सांग. कुणी दिलं?”

वकिलाने विचारलं असतं तर एवढं लागलं नसतं. पेन्सिल दारातच उभी होती. आपला सख्खा भाऊ, लहानपणापासून एकाच घरात वाढलेला, आणि त्यालाही वाटतंय की हिला कुणीतरी दिलंच असणार.

“तू दिलंस,” ती म्हणाली.

“मी?”

“तूच. लहानपणी मशीन घरात आलं ते दोघांसाठी. खेळायचास तू. माझी पाळी कधी, तर तू जेवायला बसलास की. मी जेमतेम एखादा टप्पा पार करायची, की तुझं जेवण व्हायचं, नाहीतर बाबांच्या बातम्या लागायच्या, आणि वायर काढली जायची. माझा एक खेळ कधी शेवटापर्यंत गेला नाही, दादा. मी अंथरुणात पडून विचार करायची की हे मशीन टीव्हीतून उपटून घेऊन जाता आलं पाहिजे. तुम्ही बघा तुमचा टीव्ही, मी चालले माझा खेळ घेऊन. मग ते धरायचं कसं, उभं कुठे करायचं, सगळं ठरवलं होतं मी. हातात धरायचं तर कान हवेत, उभं करायचं तर कान नकोत, म्हणून दुमडायचे. याला कशाला लागतो कारखान्यातला माणूस? त्याला लागतो एक भाऊ, टीव्हीसमोरून न उठणारा.”

वहिनी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थांबली होती. ती हळूच म्हणाली, “बरोबर आहे त्यांचं.” दादाने तिच्याकडे बघितलं. मग टीव्हीकडे बघितलं. तिथे काय चाललंय ते त्याला समजत असावं असं वाटलं नाही. पाय मात्र त्याने टीपॉयवरून खाली घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीकडून दोघं आली. वकीलबाई पुढे, करड्या कपड्यांतल्या, हसऱ्या. असं हसू दातांच्या दवाखान्यात दात काढायच्या आधी मिळतं. मागे एक बारीक चष्मेवाला. त्याने नाव सांगितलं नाही, हुद्दा सांगितला नाही. मधल्या टेबलाशी खुर्ची घेतली आणि गप्प बसून राहिला. संपादकांनी चहा मागवला. अफवामंत्रीही बसला, कारण लेख त्याचा होता आणि असल्या ठिकाणाहून उठून जाणं त्याला जमणारं नव्हतं.

वकीलबाईंनी कागद पुढे सरकवला. “एवढीच सही. कुणाला त्रास द्यायचा आमचा हेतू नाही.”

“त्रास देऊन झालाय,” पेन्सिल म्हणाली. “एक माणूस घरी बसलाय.”

“ती आमची अंतर्गत बाब आहे.”

“माझ्या चित्रामुळे आहे, म्हणजे माझीपण आहे. फोटो आलेला नाही. मी हे मनाने काढलं. ‘कल्पनाचित्र’ असं खाली छापायचं राहिलं, कारण ती पट्टी सरांनी कापली. त्यांनाच विचारा.”

संपादक चहात साखर ढवळत राहिले. साखर कधीच विरघळली होती.

वकीलबाईंनी अंक उघडून समोर ठेवला आणि नखाने चित्राच्या कडेला टोकलं. “बाई, मला समजून घ्यायचंय. पडदा कुणालाही सुचेल. पण हे पाठीमागे मिटणारे कान. हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

पेन्सिलने त्या नखाकडे बघितलं, मग वकीलबाईंकडे, मग गप्प बसलेल्या चष्मेवाल्याकडे. तो मान खाली घालून स्वतःच्या कपाकडे बघत होता.

“म्हणजे तुमच्या मशीनला कान आहेत,” ती म्हणाली.

अफवामंत्र्याच्या हातातलं बिस्कीट चहात मोडून पडलं आणि त्याला कळलंही नाही. इतकी वर्षं तो सूत्रांच्या मागे धावला होता, आणि आज सूत्र स्वतःच्या पायांनी ऑफिसात येऊन चहा पीत होतं.

“मी तसं काहीही म्हटलेलं नाही,” वकीलबाई म्हणाल्या.

“नाही ना? मग भांडण कशाचं? मशीनला कान नसतील तर मी कसलं गुपित फोडलं? नसलेल्या वस्तूचा फोटो कुणी काढला? आणि कान असतील तर तसं सांगून टाका. लिहून घेणारा इथेच बसलाय.”

वकीलबाईंचं हसू गेलं. बाई कसलेली होती, पटकन सावरली. “हे बघा, तुम्ही चित्रकार आहात. इंजिनिअर नाही. एखादी गोष्ट अशी तंतोतंत, मनाने? कुणाला पटेल हे?”

“तुम्हाला पटावं म्हणून मी जन्माला आले नाही,” पेन्सिल म्हणाली. “पण मनातून कसं येतं ते बघायचं असेल तर बघा.”

तिने अंबाड्यातली पेन्सिल काढली. सहीचा कागद उलटा केला. संपादक “अगं” म्हणेपर्यंत पहिली रेघ पडलीसुद्धा होती.

“तुमचं हे मशीन आलं असं धरू. घरात भावंडं दोन. एकजण मशीन उचलून घेऊन गेला. दुसरीचं काय? ती पुन्हा वाट बघत बसली. म्हणजे तुम्ही भांडण हॉलमधून उचलून नुसतं आतल्या खोलीत नेलंत.” हात चालूच होता. “म्हणून पुढचं मशीन असं पाहिजे. मधोमध सांधा. दोघांनी दोन्हीकडून ओढायचं, की दोन तुकडे. प्रत्येकाच्या हातात एक पडदा, खेळ एकच. तो त्याच्या वाटेने खेळतोय, ती तिच्या. परत जोडलं की एक मोठा पडदा.”

आता चष्मेवाला पुढे झुकला. “नाही, नाही. बॅटरी कुठे ठेवणार? अर्ध्या तुकड्यात ती मावणार नाही.”

“अर्धी-अर्धी ठेवा.”

“मग ती किती वेळ पुरणार? आणि सांध्यापाशी गरम होईल. हातात धरवणार नाही.”

“तो तुमचा प्रश्न. मी चित्रकार आहे.”

“सांधा इथे नको,” त्याने खिशातून पेन काढलंच होतं, “सांधा खाली घेतला तर वारा—”

“साहेब,” वकीलबाई म्हणाल्या.

तो थांबला. पेन हवेतच राहिलं. त्याने कागदाकडे बघितलं, मग वकीलबाईंकडे, आणि चष्मा काढून पुसायला घेतला. “हे आपल्याकडे नाहीये,” तो म्हणाला. “कुठेच नाहीये. कुणी पाठवणं शक्यच नाही.” मग जरा थांबून, चष्मा डोळ्यांवर चढवत, “पहिलंही यांनीच काढलंय. मला शंका नाही.”

वकीलबाईंनी फाईल मिटली. त्यांच्यासाठी आता वाद वाढवणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं होतं. त्यांनी खिडकीपाशी जाऊन एक फोन केला. बोलणं हळू होतं, तरी ‘साचे’ आणि ‘उद्यापासून’ हे शब्द सगळ्यांना ऐकू आले. परत येऊन त्या संपादकांना म्हणाल्या, “पुढच्या अंकात खुलासा हवा. पहिल्या पानावर. चित्र निव्वळ कल्पनेतलं होतं, कुठल्याही खऱ्या मशीनशी त्याचा संबंध नाही. आणि आजचं बोलणं या खोलीबाहेर जाणार नाही. आणि हा कागद आम्ही घेऊन जातो.”

पेन्सिलने कागदावर हात ठेवला. “हा का?”

“आमचा कागद आहे.”

“तुमची बाजू खाली आहे, तिच्यावर सही झालेली नाही, म्हणजे ती रद्दी. वरची बाजू माझी आहे.” तिने कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. चष्मेवाल्याची नजर पर्सची चेन लागेपर्यंत त्या घडीवर होती. जाताना दारात तो क्षणभर रेंगाळला, काहीतरी बोलावं असं त्याला वाटत होतं, पण वकीलबाई जिन्यात पोचल्या होत्या.

पेन्सिलने खिडकीतून खाली बघितलं. जिन्यापाशी साचेवाल्याची बायको उभी होती, तीच कापडी पिशवी घेऊन, आणि तिच्या कानाशी फोन होता. ती नुसती ऐकत होती. मग ती होती तिथेच, फुटपाथच्या कडेला, खाली बसली आणि पदराने तोंड पुसू लागली. पेन्सिलला बरं वाटलं, खूप बरं वाटलं, आणि ते तिने लपवलं नाही.

“झालं समाधान?” मागून संपादक म्हणाले. त्यांचा नवा शर्ट पाठीला चिकटला होता. “फुटलेला फोटो म्हणून लोक अंकावर तुटून पडत होते. आता छापायचं की आमच्या एका बाईने बसल्या बसल्या काढलं होतं. कोण वाचणार? मशीनही गेलं हातचं. तूही आता दुसरीकडे बघ. पुढच्या महिन्यापासून मला दुसरा चित्रकार लागेल.”

“चोरीचं म्हटलं तर सगळे वाचतात आणि माझं म्हटलं तर कुणी नाही?”

“असंच असतं.”

“असू दे. मला चालेल.” ती खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसली. “आता खुलासा लिहा. मी इथे बसून बघणार आहे. आठवण करायची माझी पाळी संपली.”

त्यांनी नाइलाजाने पेन उचललं. “गेल्या अंकाच्या मुखपृष्ठावरील यंत्र हे कल्पनाचित्र होते,” ते बोलत बोलत लिहू लागले. “ते कोणत्याही छायाचित्रावरून घेतलेले नसून आमच्या चित्रकार...” पेन थांबलं. “पेन्सिल असंच लिहू ना?”

“नाही.”

संपादकांनी वर बघितलं. मग अफवामंत्र्याकडे बघितलं. जगातल्या प्रत्येक कंपनीच्या पोटातलं ज्याला कळायचं, तो खिडकीबाहेर बघत होता.

“काय गं,” संपादक म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला, “तुझं खरं नाव काय?”

तिने सांगितलं. पूर्ण, आडनावासकट, त्यांना लिहायला जमेल इतक्या सावकाश. त्यांनी लिहिलं, ओळीवर पट्टी धरून मोजलं आणि मान हलवली. “एवढं लांब मावणार नाही. शेजारी चित्रही पुन्हा छापायचंय.”

“चित्र लहान करा,” ती म्हणाली.